बरबटीची आठ मिनिटांची भाजी

कमळाची बरबटीची, म्हणजे चवळीच्या शेंगांची, भाजी आठ मिनिटांत होत असे. सात नाही, नऊ नाही. सात मिनिटांत झाली तर ताटात पडेपर्यंत तिची वाफ जाई, आणि वाफ गेलेली भाजी देवरावला चालत नसे. नऊ मिनिटं लागली तर देवरावला रिकाम्या ताटासमोर बसावं लागे, आणि ते तर त्याला मुळीच चालत नसे. दोन्ही गुन्ह्यांना शिक्षा एकच होती. कायदा सुटसुटीत होता.

देवराव तिचा नवरा. गावाबाहेरच्या राइस मिलवर चौकीदार. खाकी कपडे, पायात बूट, कमरेला पितळी बक्कलाचा चार बोटं रुंद पट्टा. मिलवर चोरीला जाण्यासारखा फक्त कोंडा होता, त्यामुळे पट्ट्याला ड्युटीवर काहीच काम नसे. तो घरी येऊन कामाला लागे.

माणूस तसा कायदा पाळणारा. आमचा गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा. पण वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा लागतो, आणि तिकडची बंदी उठलेली आहे. गावातले बाकीचे लपूनछपून मोहाची घेत. देवरावने तसला बेकायदेशीर थेंब कधी तोंडाला लावला नाही. ड्युटी संपली की तो फटफटी घेऊन पुलापलीकडे जाई, रीतसर पिई आणि दिवे लागायच्या आत परत येई. येताना त्याला भूक लागलेली असे, आणि भुकेच्या वर राग.

तेरा वर्षांच्या संसारात कमळाचं उजवं मनगट दोनदा मोडलं, म्हणून ती डाव्या हाताने चिरायला शिकली. वरचे दोन दात गेले, म्हणून ती तोंड मिटून हसायला शिकली. डाव्या कानाचा पडदा फाटला, म्हणून ती चुलीपाशी उजवा कान दाराकडे करून बसायला शिकली. देवराव मित्रांना सांगे, "बाई शिकवली का शिकते गा."

या उजव्या कानावर सगळा स्वयंपाक उभा होता. घरात घड्याळ नव्हतं असं नाही. होतं. पण लग्नाच्या तिसऱ्या वर्षी देवरावने ते तिच्या पाठीत घातलं, तेव्हापासून त्यात चार वाजून वीस मिनिटं झालेली होती. म्हणून कमळा भाजी करी ती आवाजावर.

तिची कृती अशी. बरबटीच्या कोवळ्या शेंगा दुपारीच पावशीवर, म्हणजे विळीवर, बारीक चिरून ठेवायच्या. लसूण ठेचून, मसाले वाटीत काढून, चुलीतला निखारा जागता ठेवून बसायचं. ओढ्यावरच्या मोरीवर फटफटीचा आवाज आला की कढई चढवायची. फटफटी हापशीपाशी बंद झाली की चमचाभर जवसाचं तेल. मग देवराव थोरल्या भावाच्या दारासमोर उभा राहून त्याच्या आईचा उद्धार करी. दोघांची आई एकच होती, पण एवढं खोलात जायची ती वेळ नसे. ती शिवी ऐकू आली की मोहरी आणि जिरं. फाटकातल्या शेळीला लाथ बसून ती ओरडली की लसूण. बूट काढून पायांवर पहिला तांब्या पडला की शेंगा, हळद, धने, तिखट. दुसरा तांब्या पडला की पाण्याचा हबका मारून झाकण. ओसरीत तो खाकरला की झाकण काढून भाजलेल्या जवसाची भुकटी. आणि बक्कल वाजून पट्टा सुटला की मीठ.

मीठ शेवटी, कारण पट्टा शेवटी.

ताट त्या क्षणी समोर आलं तर पट्टा खुंटीवर जाई. नाही आलं तर हातात राही. कधीकधी वेळेवर आलेलं ताटही उडे, कारण फेकणं हा देवरावचा छंद होता. ताट, तांब्या, वरवंटा, शिलाई मशीनचं चाक, एकदा पाळण्यासकट रिना. घरातली प्रत्येक वस्तू त्याने फेकून पाहिली होती. फक्त चुलीवरची कढई राहिली होती. चुलीपाशी जाणं हे बाईचं काम, आणि देवराव बाईचं काम करणाऱ्यांतला नव्हता.

रिना ही त्यांची मुलगी. पाळण्यातून वाचली आणि आता बारा वर्षांची झाली. ताट उडालं की पोरीला उपाशी झोपावं लागे, म्हणून कमळाने एक सवय लावून घेतली होती. जवसाची भुकटी पडली की पट्टा सुटायच्या आत एक वाटी भाजी टोपल्याखाली सरकवायची. त्या वाटीत मीठ नसे. रिनाला अळणी भाजी आवडते, असा गल्लीत समज होता.

दिवाळीनंतर नीलिमा मॅडम गावात आल्या. कुरखेड्याच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे, त्याच्या त्या अधीक्षिका. आधीची स्वयंपाकीण सोडून गेली होती, आणि मुलींना रोज उपाशी शाळेत जावं लागत होतं. बचत गटाच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं, "मला एकच बाई पाहिजे. भाजी बारा मिनिटांत झाली पाहिजे, तेल एक चमचा, आणि खाणाऱ्याच्या अंगाला लागली पाहिजे. रविवारी स्पर्धा घेते. जी पहिली येईल ती माझ्यासोबत येईल. राहायला खोली आहे. मुलगी असेल तर तिचीही शाळा तिथेच."

"खोलीले कडी हाय?" मागून कमळाने विचारलं.

"आहे की."

"आतून?"

मॅडम म्हणाल्या, "हो, आतून." बाकीच्या बायका हसल्या. बायनाबाई हसली नाही.

बायनाबाई गटाची अध्यक्ष. विधवा, साठीची, आवाज असा की तिने हाक मारली तर नदीपलीकडची जनावरं माना वर करत. कमळाची आणि तिची भिंत एक. तेरा वर्षं भिंतीच्या त्या बाजूने तिने सगळं ऐकलं होतं. पहिली पाच वर्षं ती मधे पडली, तर देवरावने कमळाला दुप्पट मारलं. तेव्हापासून ती आपल्या बाजूने फक्त भिंतीला हात लावून बसे.

"तुयाएवढी झटपट भाजी तालुक्यात कोनाले येत नाई," बैठक उठल्यावर ती म्हणाली. "ते खोली तुयी हाय कमळे."

"बाई, मले घड्याळ जमत नाई."

"घड्याळ काय करते? भाजी कर."

शनिवारी देवराव मिलवर असताना बायनाबाईच्या चुलीवर तालीम झाली. मोबाइलमध्ये बारा मिनिटं लावली. बायनाबाईने म्हटलं म्हणून कमळाने कढई चढवली, तेल घातलं आणि उजवा कान दाराकडे करून बसली. तेल धुरावलं. कढई लाल व्हायला आली. कमळा बसलेली.

"अवं, मोहरी टाक ना!"

"शिवी नाई आली बाई अजून."

बायनाबाईने कपाळाला हात लावला. मग पदर खोचला. बाई धाडसी. ती अंगणात गेली आणि तोंडाने फटफटी काढली. मग देवरावची शिवी दिली. तेरा वर्षांत पाठ झालेली, एकही अक्षर न गाळता, त्याच पट्टीत. समोरच्या घरातला म्हातारा काठी घेऊन बाहेर आला आणि बायनाबाईला पाहून तसाच आत गेला. शेळी तिच्याकडे नव्हती म्हणून तिने कोंबडीला पायाने ढकललं. दोन तांबे पाणी ओतलं. खाकरली. आतून एकेक वास बरोबर वेळेवर येत होता, मोहरीचा, लसणाचा, तिखटाचा. बायनाबाईला जोर चढला. पट्टा नव्हता म्हणून तिने वाळत घालायची दोरी ओढून काढली आणि दारात येऊन भिंतीवर सटकन मारली.

कमळाने चिमूटभर मीठ टाकलं. मग डोक्यावर दोन्ही हात घेतले आणि गुडघ्यांत तोंड घालून कोपऱ्यात बसली.

बायनाबाई दोरी घेऊन उभी. कढईत भाजी चरचरत होती.

"कमळे, मी हावो व. बायना."

"ठावूक हाय," कमळा गुडघ्यांतूनच म्हणाली. "सवय हाय."

भाजी मात्र पहिल्या नंबरची झाली होती. ठरलं असं की उद्या बायनाबाईने पहिल्या रांगेत बसून हळूच एकेक आवाज काढायचा. पट्ट्याचा आवाज काढायला ती तयार नव्हती. "मिठाच्या वक्ताले मी नाक पुसीन," ती म्हणाली. "तवा टाकजो."

रविवारी अकरा वाजता समाजमंदिरासमोर मांडव पडला. पाच बायका, पाच चुली, पाच लोखंडी कढया. कढया गावाच्या भांड्यांतल्या, लग्नकार्याला देतात त्या. मुख्य स्पर्धक उर्वशी, पोलीस पाटलाची सून. तिने मोबाइलवर ब्रोकोलीची पौष्टिक भाजी पाहिली होती. ब्रोकोली चामोर्शीच्या बाजारातही मिळाली नाही, म्हणून तिने फुलकोबी हिरव्या रंगात बुडवून आणली होती.

माईक धनराजकडे. धनराज ग्रामपंचायतीचा सदस्य, आणि माईक हातात आला की गावात लग्न आहे की मयत हे त्याला वेगळं ओळखता येत नसे. त्याने दोन भोंगे झाडावर चढवले होते, एक गावाकडे आणि एक थेट मिलकडे. पहिल्या रांगेच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या, म्हणून बायनाबाईला पाचव्या रांगेत बसवलं गेलं.

नीलिमा मॅडमनी शिट्टी वाजवली. बारा मिनिटं सुरू झाली.

"तर बंधूभगिनींनो!" धनराज भोंग्यातून कडाडला. "चार चुलींवर कढया चढलेल्या हायेत! पाचव्या चुलीवर आपल्या कमळाबाई देवराव... कमळाबाई नुसत्या बसून हायेत! काय विचार हाय कमळाबाई?"

बायनाबाईने पाचव्या रांगेतून फटफटीचा आवाज काढला. शेजारच्या बाईने तिच्यापुढे पाणी धरलं. भोंग्यापुढे तो आवाज जाणार कुठे? एक मिनिट गेलं. दोन गेली. कमळा उजवा कान रस्त्याकडे करून बसलेली, समोर चिरलेल्या शेंगांची ताटली, मागे सवयीने आणलेलं टोपलं. रिना मांडवाच्या खांबाला धरून आईकडे पाहत होती. घरून निघताना तिने शाळेचं दप्तर भरून घेतलं होतं.

"तीन मिनिटं! कमळाबाई देवराव अजूनही शांत! देवरावभाऊच्या घरची भाजी आज शिजते का नाई?"

हे वाक्य मिलवर पोचलं.

चौथ्या मिनिटाला मोरीवर फटफटी वाजली.

गाव तिकडे बघायला लागलं. कमळाने कढई चढवली.

फटफटी हापशीपाशी बंद झाली. चमचाभर जवसाचं तेल. देवराव चालत आला. त्या दिवशी तो एक थेंबही प्यायला नव्हता. हे पुढे पंचनाम्यात नोंदलं गेलं तेव्हा गावाची मोठी गैरसोय झाली, कारण तेरा वर्षं सगळ्यांनी सगळं दारूवर टाकलं होतं.

मांडवाच्या तोंडाशी थांबून त्याने धनराजच्या आईचा उद्धार केला. कमळाने मोहरी आणि जिरं टाकलं.

"देवरावभाऊंचं आगमन झालेलं हाय," धनराज म्हणाला. सवयीचा माणूस.

"मायी बायको माईकवर घेतं बे?" देवरावने त्याच्या छातीत बुक्की मारली. धनराज खुर्च्यांवर पडला आणि माईक मातीत. माईक चालूच होता. मधे कुणाचीतरी शेळी आडवी आली. तिला बुटाची लाथ बसली आणि तिचं ओरडणं दोन्ही भोंग्यांतून गावभर गेलं.

लसूण.

पाहुण्यांसाठी पाण्याच्या दोन कॅन ठेवल्या होत्या. देवरावने पहिली लाथेने उलथवली. शेंगा, हळद, धने, तिखट. दुसरी उलथवली. पाण्याचा हबका, झाकण. उर्वशीची चूल त्या पाण्यात विझली आणि हिरवी फुलकोबी मांडवभर वाहत गेली.

बायनाबाई खुर्च्या सारत पुढे आली आणि त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "देवराव, आज नाई गा. आजचा दिवस सोड तिले."

त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा फुटला, ओठ फाटला, म्हातारी खाली बसली. पुरुषमंडळी खुर्च्यांवरून अर्धी उठली आणि अर्धी उठलेलीच राहिली. नवराबायकोच्या मधात पडू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. बायनाबाई त्याची बायको नव्हती, पण एवढा बारीक फरक करायला कुणाला वेळ मिळाला नाही.

झाकणाखालून तिखटाची वाफ निघत होती. देवरावच्या घशात गेली. तो खाकरला.

कमळाने झाकण काढून जवसाची भुकटी घातली. वाटीभर भाजी काढली आणि टोपल्याखाली सरकवली.

बक्कल वाजलं. पट्टा सुटला. तिने कढईत मीठ टाकलं, आणि त्याच वेळी पहिला फटका तिच्या पाठीवर बसला. भोंग्यातून तो सटाक्‌ असा गेला की नदीकाठच्या पाखरांचा थवा उठला. दुसरा फटका मानेवर, बक्कलाच्या बाजूने. मानेतून रक्त आलं. तिसरा डोक्यावर घेतलेल्या हातांवर. तेच मोडलेलं मनगट. कमळा ओरडली नाही. ओरडल्याने उजव्या कानाला दुसरं काही ऐकू येत नसे.

"घरी मले मिठाचं पानी आन इथी गावाले भाजी?" देवरावने तिचे केस धरून तिला चुलीवरून मागे ओढलं आणि कंबरेत लाथ घातली. मग त्याला सवयीने काहीतरी फेकायचं होतं. ताट नव्हतं. तांब्या नव्हता. वरवंटा नव्हता. समोर चुलीवर कढई होती, गावासाठी केलेल्या भाजीने भरलेली.

पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात देवरावने चुलीवरचं भांडं एकदाही उतरवलं नव्हतं. ते कुणीतरी उतरवतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. फडकं लागतं, सांडशी लागते, हे पोरींना सहाव्या वर्षी कळतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची कुणाची हिंमतही नव्हती. त्याने वाकून कढईचे दोन्ही कान दोन्ही मुठींत घट्ट धरले आणि उचलली.

तो जोरात फेकणारा माणूस, म्हणून घट्ट धरणारा माणूस. तळव्याची कातडी लोखंडाला चिकटली. तो किंचाळला, पण हात सुटेनात. सुटले तेव्हा कातडी कढईकडे राहिली आणि भाजी त्याच्या मांड्यांवर आली. तो मातीत आडवा होऊन लोळायला लागला. जळलेल्या मांसाचा वास मांडवात पसरला. लसणाचा आणि जवसाचाही होताच.

आता पुरुषमंडळी पूर्ण उठली. "धरा त्याले! पानी आना!" पाणी त्यानेच सांडून ठेवलं होतं.

पण त्यांच्या आधी बायका पोचल्या. पहिली उर्वशी, कारण तिची चूल विझली होती. तिने भाजी परतायचा सराटा त्याच्या नडगीवर मारला. मग लाटणी, पळ्या, फुकणी. एकीने त्याचाच पट्टा उचलला. तो कसा धरायचा हे गावातल्या बऱ्याच बायकांना दुसऱ्या टोकाकडून माहीत होतं. बायनाबाई फुटक्या ओठाने उठली, तोंडातलं रक्त थुंकली आणि त्याच्या छातीवर जाऊन बसली.

"भित्तीच्या पल्ल्याडून मोजले मी," ती म्हणाली. "हे आजचं नाई. हे तिसऱ्या वर्सचं. घड्याळाचं." आणि मारलं. "हे मनगटाचं." आणि मारलं. "हे पाळन्याचं."

त्याचं नाक मोडल्याचा आवाज भोंग्यातून स्पष्ट आला. मग कुणीतरी माईकची वायर ओढली, पण चुकून पंख्याची निघाली.

कमळा त्या गर्दीत नव्हती. ती उठली. मान पदराने दाबली. सांडशीने कढई सरळ करून ठेवली, कारण ती गावाची होती. मग लंगडत नीलिमा मॅडमपुढे येऊन उभी राहिली.

"बाई, वेळेत झाली का?"

मॅडमनी मीठ पडताच घड्याळ थांबवलं होतं. "अकरा मिनिटं चाळीस सेकंद," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बसा. आधी बसा. रक्त येतंय."

"झाली ना वेळेत?"

"झाली. पण भाजी तर..." त्यांनी मातीकडे पाहिलं.

कमळा मागे गेली आणि टोपल्याखालून वाटी काढून घेऊन आली. शेंगा हिरव्यागार, वर जवसाची तांबूस भुकटी, अजून वाफ होती. मॅडमनी त्यातली चमचाभर भाजी तोंडात घातली कशी, हे त्यांनाच माहीत. पण त्या नियमाच्या बाई होत्या. चावलं, गिळलं.

"शिजलीय छान," त्या म्हणाल्या. "मीठ नाही."

कमळाचं तोंड उतरलं. पट्ट्याने उतरलं नव्हतं ते आता उतरलं. "कढईत होतं बाई मीठ. वाटीत नसते."

"वाटीत का नसतं?"

उत्तर रिनाने दिलं. ती खांब सोडून आली होती, पाठीवर दप्तर. माईक तिच्या पायापाशीच पडलेला होता.

"वाटी मायी असते," ती म्हणाली. "बाबा खाकरले का जवस, मंग मायी वाटी. पट्टा काढला का मीठ."

ते भोंग्यांतून गावावर गेलं, मिलवर गेलं, नदीवर गेलं. देवरावला मारणारे हात थांबले. अर्ध्या उठलेल्या आणि पूर्ण उठलेल्या पुरुषांनी खाली पाहिलं. देवरावचा थोरला भाऊ तिसऱ्या रांगेत होता. तो उठून मांडवाच्या मागे गेला आणि तिथे ओकला.

"शिवी आली का मोहरी," रिना पुढे सांगत होती. शाळेत पाढा म्हणतात तसं. "शेळी ओरडली का लसून..."

"पुरे बाळा," मॅडम म्हणाल्या. वाटीतली उरलेली भाजी त्यांनी उभ्याउभ्या खाल्ली, अळणी, शेवटच्या शेंगेपर्यंत. मग कागदावर कमळाचं नाव लिहिलं.

उर्वशीच्या सासऱ्याने, म्हणजे पोलीस पाटलाने, हळूच विचारलं की बाकीच्यांच्या भाज्या चाखल्याशिवाय निकाल कसा. उर्वशी सराटा हातात घेऊन त्याच्याकडे वळली. प्रश्न मागे घेण्यात आला.

पोलीस आले. पंचनामा झाला. बायनाबाईने तक्रार सांगितली आणि खाली अंगठ्याऐवजी पूर्ण सही केली. देवरावच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधल्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, बोटं उघडतील, पण मूठ वळणार नाही. आता त्याला कमरेचा पट्टा लावायलाही दुसरा माणूस लागतो. भाऊ येत नाही. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही, तो आपणच येत नाही.

कमळा आणि रिना त्याच संध्याकाळी मॅडमच्या गाडीत बसल्या. खोलीला आतून कडी होती. ती लावून कमळा दाराला पाठ टेकून बसली ती सकाळपर्यंत.

पहिल्या दिवशी तिने चाळीस मुलींसाठी बरबटी चिरली, कढई चढवली आणि उजवा कान दाराकडे करून बसली. बाहेर मोरी नव्हती. हापशी नव्हती. शेळी नव्हती. अंगणात मुली वेण्या घालत होत्या आणि एकमेकींच्या फिती पळवत होत्या. तेल जळालं. तिने दुसरं घातलं. तेही जळालं. तिसऱ्या वेळी तिने दाराकडे पाठ केली आणि कढईत पाहिलं. मोहरी घातली. मोहरी आपणहून तडतडली. ती एवढी दचकली की हातातली पळी पडली. तेरा वर्षांत मोहरीचा आवाज तिने ऐकलाच नव्हता. तिचं लक्ष नेहमी बाहेर असे.

लसूण तांबूस व्हायची तिने वाट पाहिली. शेंगा घातल्या, झाकण ठेवलं, काढलं, एक शेंग बोटांत धरून दाबून पाहिली. कच्ची होती. पुन्हा झाकलं. मीठ घातलं, आणि जिभेवर ठेवून पाहिलं, आणि आणखी घातलं.

त्या वसतिगृहात आता जेवायला रोज वीसपंचवीस मिनिटं उशीर होतो. मुलींनी वहीत तक्रार लिहिली आहे. मॅडमनी तिच्याखाली सही केली आहे, कारवाई काही नाही. तालुक्यातली सगळ्यात झटपट भाजी करणारी बाई म्हणून तिला आणलं होतं, आणि आता चाळीस मुली ताटं वाजवत बसतात.

परवा त्यांच्यातली एक मुलगी, बुधरी नावाची, ताट घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात आली. "मावशी, भाजी कवा देता? शाळेची बेल होऊन राह्यली."

कमळा दाराकडे पाठ करून बसली होती. तिने वळूनही पाहिलं नाही. शेंग दाबली.

"थांब ना बाई," ती म्हणाली. "शिजून राह्यली अजून."